सरांना दाखवून घेतो

माझ्या धाकट्या मावसबहिणीचे यजमान मागच्या वर्षी जून महिन्यात, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, धायरीतल्या एका पुट्टी बनवणाऱ्या कारखान्यात संशोधन अधिकारी म्हणून रुजू झाले. दर महिन्याला ठरलेला पगार देणारी ही त्यांची पहिली नोकरी. त्याआधी ते पीएच.डी. करत होते, आणि पीएच.डी. झाल्यावर बराच काळ ती अजून व्हायची असल्यासारखे वागत होते.

पुणे शहरात मत नसलेला माणूस शोधून सापडत नाही. विचारल्यावरसुद्धा मत न देणारे गृहस्थ माझ्या माहितीत एकच, आणि ते हे आमचे मेव्हणे. बाहेर पाऊस पडतोय का, असे विचारले तर ते गॅलरीत जाऊन येतात आणि 'आपल्या बाजूला तरी पडताना दिसतोय' असे सांगतात. आमटी कशी झालीय, असे माझ्या बहिणीने, अश्विनीने, लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात विचारले. त्यावर ते म्हणाले, "तुलना कशाशी करू?" तिने दुसऱ्या दिवशी आदल्या दिवशीची वाटीभर आमटी राखून ठेवली आणि दोन्ही वाट्या त्यांच्यापुढे मांडल्या. त्यांनी दोन्हींची चव घेतली आणि सांगितले की आजची गरम आहे, तेव्हा ही तुलना न्याय्य होणार नाही. त्यानंतर तिने विचारणे सोडले. पुन्हा वाढून घेतली की बरी झाली, असे ती समजते. नातेवाइकांना हा विनय वाटतो. तो विनय नव्हे. विनयशील माणसाला मत असते आणि तो ते झाकून ठेवतो. यांचे मत तपासायला गेलेले असते.

त्यांचा विषय भेगा. ओला थर वाळताना त्याला भेगा का पडतात, कुठून सुरू होतात आणि कुठे जाऊन थांबतात, यावर त्यांनी सात वर्षे काम केले. परिणामी ते कुणाच्याही घरी गेले की माणसांआधी भिंती पाहतात. शनिवार पेठेतल्या मावशीच्या फ्लॅटमध्ये ते मुलगी पाहायला आले तेव्हा मी तिथे होतो. पोह्यांची बशी हातात धरून ते अश्विनीच्या डोक्यावरून पलीकडे पाहत होते. मुलगा लाजाळू आहे, असे मावशीने मला स्वयंपाकघरात सांगितले. बाहेर येऊन ती त्यांना म्हणाली, "काही विचारायचं असेल तर विचारा, संकोच नको." त्यांनी विचारले, "ही भिंत पश्चिमेकडची का?" मग अश्विनी म्हणाली, "हो. दुपारी इतकी तापते की हात लावत नाही." तेव्हा त्यांनी तिच्याकडे पहिल्यांदा पाहिले. लग्न त्याच बैठकीत ठरले.

कोथरूडला एका चुलत नातेवाइकांच्या वास्तुशांतीला घरचे यजमान सगळ्यांना फ्लॅट दाखवत हिंडत होते. मेव्हणे शयनगृहातल्या एका कोपऱ्यात भिंतीला नाक लावून उभे होते. यजमानांनी कौतुकाने विचारले, "काय म्हणतंय घर?" ते म्हणाले, "अजून लहान आहे. पण वाढेल." यजमानांना आधी हा आशीर्वाद वाटला. मेव्हण्यांनी बोटाने केसाएवढी भेग दाखवल्यावर त्यांचे जिलबीवरून लक्ष उडाले. एप्रिल-मेमध्ये खडकवासल्याचे पाणी मागे हटते. लोक रविवारी सिंहगडावर पिठले-भाकरी खायला जातात, तेव्हा हे खाली धरणाकाठी वाळलेल्या गाळावर पालथे पडून फोटो काढत असतात. एकदा एका पर्यटकाने यांना चक्कर आली असे समजून तोंडावर पाणी मारले. त्यांना राग आला. पाण्यामुळे त्या जागेचा फोटो बिघडला होता.

प्रबंध स्वीकारला गेल्यावर दोन अल्प मुदतीच्या शिष्यवृत्त्या झाल्या. मग ते दोन महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकवू लागले. म्हणजे जितके तास शिकवाल तितक्यांचे मानधन, आणि दर वर्षी नव्याने अर्ज. कायमच्या जागांची जाहिरात येई, मुलाखत होई, आणि जागा दुसऱ्या कुणाला जाई. काही वेळा जागाच रद्द होई. घर अश्विनीच्या बँकेतल्या पगारावर चालले होते. ती सीएच्या शेवटच्या परीक्षेपर्यंत पोहोचली होती. लग्नानंतर एका पगाराची गरज पडली म्हणून तिने ती परीक्षा बाजूला ठेवली, ती राहिलीच. मागच्या वर्षी जानेवारीत आम्ही त्यांच्याकडे जेवायला बसलो असताना ती भात वाढता वाढता म्हणाली, "तुझं ठरेपर्यंत मी माझं थांबवलं होतं. तुझं ठरलं का?"

"एक जाहिरात यायची आहे," मेव्हणे म्हणाले.

"माझं वय वाढतंय. जाहिरातीचं वाढत नाही." मग तिने मला विचारले, "दादा, तुला ताक देऊ?"

कंपन्यांमध्ये अर्ज करायचा, असे त्या जेवणात ठरले. मी नोकरीच्या चाळीस वर्षांपैकी बरीचशी वर्तमानपत्राच्या डेस्कवर काढलेली असल्याने बायोडेटा छोटा करण्याचे काम माझ्याकडे आले. तो अकरा पानांचा होता. सातव्या पानावर एका परिषदेचे नाव ठळक अक्षरांत होते.

"इथे तुम्ही काय केलंत?" मी विचारले.

"पोस्टर लावलं होतं."

"कुणी वाचलं?"

"एक जण थांबले होते. चहा कुठे आहे विचारत होते."

मी सातवे पान काढले. सहावे आणि आठवेही काढले. शेवटी एक पान उरले. त्यांनी ते दोनदा वाचले आणि म्हणाले, "चुकीचं काही नाही. पण हे सगळं मीच केलं असं वाटतंय."

"मग कुणी केलं?"

"केलं मीच," ते म्हणाले. "तरी सरांना दाखवून घेतो."

सर म्हणजे त्यांचे मार्गदर्शक. आता निवृत्त, सदाशिव पेठेत तिसऱ्या मजल्यावर एकटे राहतात. जिना दगडी, लिफ्ट नाही. सरांनी सात वर्षे यांचा एकही कागद न तपासता विभागाबाहेर जाऊ दिला नव्हता. हिरव्या शाईने ते समासात लिहीत: 'कशावरून?' बहुतेक खुणांचे उत्तर द्यायला यांना एकेक महिना लागे. ही सवय प्रबंधाबरोबर संपायला हवी होती, पण संपली नाही. गॅस एजन्सीला लिहिलेला तक्रारअर्जसुद्धा हे सरांना दाखवून आले होते. सरांनी त्यातही एका ठिकाणी 'कशावरून?' लिहिले होते, त्यामुळे तो पाठवायचा राहिला.

धायरीच्या कारखान्याचे मालक मूळ तिथलेच. जिथे त्यांच्या वडिलांची ज्वारी होती तिथे आता सोसायट्या आहेत. मालकांनी आधी सिमेंटचे दुकान काढले, मग रंगाआधी भिंतीला लावतात ती पुट्टी बनवायला सुरुवात केली. मुलाखत त्यांनी स्वतः घेतली. मेव्हण्यांनी ती मला जशी सांगितली तशी देतो.

"डॉक्टर, आपली पुट्टी पश्चिमेच्या भितीला फुटती. का फुटती, शोधाल का?"

"प्रयत्न करता येईल."

"ते समदेच म्हणत्यात. किती दिस लागतील?"

"मागच्या प्रश्नाला सात वर्षं लागली."

मालक खूप हसले. त्यांना वाटले, माणूस विनोदी आहे. नेमणूक त्या समजुतीवर झाली.

रुजू होताना सह्या करायचा करार पूर्ण वाचणारे ते त्या कारखान्यातले पहिले कर्मचारी. एचआरमधल्या तन्वीने मला हे नंतर सांगितले. त्यांनी त्यातला कलमांचा चुकलेला क्रम दाखवून दिला आणि तिने तो दुरुस्त केला. कंपनीची माहिती बाहेरच्या व्यक्तीला देणार नाही, हे कलमही त्यांनी वाचले आणि खाली सही केली.

पहिल्या बैठकीत त्यांना पुट्टीबद्दल दहा मिनिटे बोलायला सांगितले होते. त्यांनी चिखलापासून सुरुवात केली. पाऊण तास झाला तरी गाडी पुट्टीपर्यंत आली नव्हती. विक्रीचे लोक एकेक करून फोन घ्यायला बाहेर गेले. मालक मात्र शेवटपर्यंत बसले आणि मग त्यांनी विचारले, "हे समदं बराबर. माल कवा?"

"दोन उन्हाळे पाहिले तर खात्रीने सांगता येईल."

"दोन उन्हाळं? अवो, मला दिवाळीला पायजे."

या दोन मुदतींच्या मधे कुठेतरी काम सुरू झाले. कारखान्यामागच्या मोकळ्या जागेत त्यांनी गुडघ्याएवढ्या भिंती बांधून घेतल्या, सगळ्या पश्चिमेकडे तोंड करून, आणि प्रत्येकीवर वेगळ्या मिश्रणाची पुट्टी लावली. कामगार त्या जागेला समाध्या म्हणू लागले. पाऊस असे तोवर त्यांनी छत घातले आणि उन्हाऐवजी मोठे दिवे लावले. जेवणाच्या सुट्टीत ते डबा घेऊन समाध्यांमध्ये बसत. दोन महिन्यांत एक मिश्रण असे निघाले की शेजारच्या सगळ्या भिंती तडकल्या तरी ते तडकले नाही. अश्विनीने त्या भरवशावर बँकेचा राजीनामा दिला आणि सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेत जागा घेतली. स्पर्धा परीक्षांची मुले तिला ताई म्हणतात आणि तिच्या खुर्चीवर कुणी बसू नये म्हणून तिची ओढणी पाठीला बांधून ठेवतात.

रविवारचा क्रम असा बसला. मेव्हणे सकाळी स्कूटरवरून तिला अभ्यासिकेशी सोडत. मग तिथून चालत सरांकडे जात. हातात कागदांची पिशवी असे. पिशवीत काय आहे, हे अश्विनीने कधी विचारले नाही. सरांकडे जाताना त्यांचे हात रिकामे असणे हेच तिला विचित्र वाटले असते.

सप्टेंबरात त्यांनी मिश्रणाचा अहवाल मालकांना दिला. त्यात प्रमाणे होती, दिव्यांचे तापमान होते, भिंतींचे फोटो होते. आणि शेवटच्या पानावर, कोणत्याही प्रबंधाच्या अखेरीस असते तशी, आभाराची ओळ होती. या अहवालाचा मसुदा काळजीपूर्वक वाचून मौलिक सूचना केल्याबद्दल लेखक आपल्या सरांचा ऋणी आहे, असे तिथे सरांच्या नावानिशी म्हटले होते.

मालकांनी अहवाल वरवर चाळला. शेवटचे पान तन्वीने वाचले.

"सर, हे ॲक्चुअली लीक होतं," ती त्यांना म्हणाली. "हे सर आपल्या कंपनीत नाहीयेत ना?"

"नाहीत. ते माझे मार्गदर्शक."

"म्हणजे बाहेरचे."

"सर बाहेरचे कसे?" मेव्हण्यांनी विचारले. तन्वीच्या म्हणण्यानुसार हा प्रश्न त्यांनी खरोखर माहिती हवी म्हणून विचारला होता.

तिला वाईट वाटले असावे. तिने एक वाट काढून दिली. "सर, आपण असं लिहून देऊ या ना, की ती फक्त फॉर्मॅलिटी होती. थँक्स म्हणायची पद्धत असते. त्यांनी काही रीड वगैरे केलं नाही."

"त्यांनी दोनदा वाचलं," मेव्हणे म्हणाले.

चौकशी होईपर्यंत घरी थांबा, असे त्यांना सांगण्यात आले. संध्याकाळी अश्विनीचा मला फोन आला. आवाज नेहमीचाच होता. "दादा, बँकेत माझी जागा अजून भरलेली नाही. सोमवारी जाऊन विचारू का?"

"परीक्षा कधी आहे?"

"परीक्षा काय, पुन्हा येते."

मी तिला सोमवारपर्यंत थांबायला सांगितले. यापलीकडे माझ्याकडे सांगण्यासारखे काही नव्हते. मेव्हणे काय करताहेत, असे विचारले तेव्हा ती म्हणाली, "भिंतीकडे बघतोय. आमच्या भिंतीला काहीही झालेलं नाहीये."

शनिवारी सकाळी मला सरांचा फोन आला. त्यांना ही हकिगत मेव्हण्यांनीच सांगितली होती. आपल्याकडे गाडी आहे असे ऐकले, असे ते म्हणाले. मी त्यांना सदाशिव पेठेतून घेतले. बारीक अंगाचे, पांढरा शर्ट, हातात काठी, पण तिचा उपयोग ते बहुधा दाखवण्यासाठी करत. सिंहगड रस्त्यावर गाडी अडकली तेव्हा त्यांनी विचारले, "आपण वर्तमानपत्रात होतात?"

"डेस्कवर होतो."

"म्हणजे दुसऱ्यांचं लिखाण कापायचं."

"हो."

"आता कुणी आणून देतं?"

"नाही."

"हं," ते म्हणाले आणि काच खाली केली.

कारखान्यात मालक, तन्वी आणि बोलावून घेतलेले मेव्हणे बसले होते. मेव्हणे सरांना पाहून उभे राहिले ते सर बसेपर्यंत बसले नाहीत. मालकांनी सरांना स्वतःची खुर्ची दिली आणि चहा मागवला. मग त्यांनी सरळ विचारले, "सर, तुमी त्यो कागद कुणाला दावला न्हाय ना?"

"माझ्याकडे येतं कोण? आपल्या स्पर्धकांपैकी कुणी तीन मजले चढून येणार असेल तर जरूर पाठवा. मला गप्पांना माणूस हवा आहे."

मालक हसले, पण थोडेच. "तसं न्हवं. ह्यांनी सही केलीया. उद्या दुसऱ्यानं केलं तर मी काय सांगू?"

"बरोबर आहे. चूक झालीच आहे. फक्त ती या सप्टेंबरातली नाही, बरीच जुनी आहे. मी यांना सात वर्षं एक पानसुद्धा स्वतःच्या हिमतीवर पाठवू दिलं नाही. ते विभाग सोडून गेल्यावर मी त्यांना सांगायला हवं होतं की आता माझ्याकडे आणू नका. नाही सांगितलं." सर थांबले. "आणत होते ते बरं वाटत होतं."

चहा आला. तन्वीने कप पुढे केले.

मालक म्हणाले, "मंग मला एवढंच सांगा सर. मिश्रण बराबर हाय का?"

"ते मला विचारू नका. मी भिंत पाहिलेली नाही. त्यांनी पाहिली आहे."

मालकांनी खुर्ची वळवली. "डॉक्टर. फुटंल का न्हाय?"

मेव्हण्यांनी सरांकडे पाहिले. सर खिडकीतून बाहेर समाध्यांकडे पाहत होते. मेव्हण्यांनी तोंड उघडले, मिटले, चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला. तेवढ्या वेळात एक ट्रक आवारात मागे येऊन लागला.

"नाही फुटणार," ते म्हणाले.

मी वाक्याच्या उरलेल्या भागाची वाट पाहिली. तो आला नाही.

"मंग झालं की," मालक म्हणाले. तन्वीने दोन ओळींचे पत्र तयार केले. समज देण्यात येत आहे, आणि यापुढे कामाविषयी कंपनीबाहेर काहीही दाखवायचे किंवा बोलायचे नाही. मेव्हण्यांनी ते पूर्ण वाचले आणि सही केली. परतताना सर गाडीत फार बोलले नाहीत. जिन्याशी उतरल्यावर मी हात पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. मागच्या सीटवरच्या मेव्हण्यांना ते म्हणाले, "रविवारी यायला हरकत नाही."

नवी पुट्टी दिवाळीनंतर बाजारात आली. पोती धायरीतून निघतात. या उन्हाळ्यात पश्चिमेच्या भिंतींबद्दल कारखान्याकडे तक्रार आलेली नाही. मेव्हणे आता दुसऱ्या प्रश्नावर काम करतात. तो कोणता, हे मला माहीत नाही, अश्विनीलाही नाही. तिने पुन्हा बँकेत विचारले नाही. तिची परीक्षा पुढच्या महिन्यात आहे.

गेल्या रविवारी मेव्हणे रिकाम्या हातांनी सरांकडे गेले होते. सरांनी दार उघडले आणि चहा टाकला. काम कसे चालले आहे, असे त्यांनी विचारले. बरे चालले आहे, असे मेव्हण्यांनी सांगितले. सरांनी पुढे विचारले नाही. चहा झाल्यावर मेव्हणे उठले आणि अभ्यासिकेच्या खाली येऊन स्कूटरवर बसले. अश्विनी खाली आली तेव्हा ते तिथेच होते.